बस तराफ्यावर, मी होडीत

पुनो, पेरू
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर "पोचले, जेवले, झोपते" एवढंच बोलले, कारण ह्या हॉस्टेलचं वायफाय जिन्याच्या चौथ्या पायरीवरच येतं आणि तिथे आधीच दोघं बसले होते. म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतेय. आईला बारीक दिसेल, तेव्हा बाबांनी मोठ्यानं वाचावं. मधलं काही गाळायचं नाही.

आज बोलिव्हियातल्या ला पाझहून इथे आले. पहिली बस दफनभूमीला लागूनच असलेल्या थांब्यावरून सुटते. (आई, तू काही म्हणायच्या आत सांगते, सकाळची वेळ होती आणि बाजूला फुलवाल्या होत्या.) ला पाझ खोल वाटीत वसलंय. कडेनं चढून वर आलं की एल आल्टो, उंची साधारण ४,१०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट. आता कबूल करते, ला पाझमध्ये पहिले दोन दिवस मी आडवी होते. डोकं ठणकत होतं, चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची. इथे त्याला 'सोरोचे' म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा देतात. फोनवर बोलले नाही कारण बाबांनी तिकीट काढायला लावलं असतं. आता बरी आहे.

दोनेक तासांनी टिकिना आलं. इथे टिटिकाका तळं चिंचोळं होतं, पलीकडचा काठ समोर दिसतो, पण पूल नाही. आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलं, सुटे पैसे देऊन तिकीट काढायचं आणि छोट्या होडीनं पलीकडे जायचं. आणि बस? बाबा, बस तराफ्यावर! आपल्या दाभोळ-धोपावेच्या लोखंडी फेरीबोटीसारखं काही नाही. सपाट लाकडी तराफा, फळ्यांमधून पाणी दिसतंय, मागे एक लहानसं इंजिन आणि लांब बांबू घेतलेला एक माणूस. ड्रायव्हरनं बस एकेक चाक जोखत चढवली. तराफा एका बाजूला कलला, मग सावरला. तुम्ही घाटात रिव्हर्स घेताना जसे दात-ओठ खायचात ना, तस्साच चेहरा होता त्याचा.

माझी मोठी सॅक त्या बसमध्ये. मी आधी पोचले आणि काठावर बघते तर सारख्याच पांढऱ्या चार बसेस, त्यातली माझी कुठली कोण जाणे. एक निघालीसुद्धा. मी तिच्यामागे धावले, पण ह्या उंचीवर धावणं म्हणजे वीस पावलं. मागून कुणीतरी बाही ओढली. काळी गोल टोपी, दोन वेण्या, घेरदार परकर, पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं बोचकं. बसमध्ये ती आजी माझ्या पुढच्याच सीटवर होती. तिनं तळ्याकडे बोट केलं. आमची बस अजून पाण्याच्या मधोमध डुलत येत होती. "या व्हिएने," म्हणाली. म्हणजे 'येतेय'. मग माझा हात धरूनच उभी राहिली, मी पुन्हा पळेन असं वाटलं असावं.

टिकिनाला नौदलाचा तळ आहे. चिलीबरोबर १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला, पण नौदल आहे, ह्या तळ्यावर. मला आधी गंमत वाटली, मग गणवेशातली पोरं बघून वाटली नाही.

कोपाकबानाला दुसरी बस. मधल्या वेळात जेवले: सोपा दे मानी, शेंगदाण्याचं सूप. आई, तुझी दाण्याची आमटीच गं, फक्त गूळ-आमसूल नाही आणि वर तळलेल्या बटाट्याच्या सळ्या. शेंगदाणा मूळचा ह्याच बाजूचा, आणि बटाटाही. म्हणजे तुझी एकादशी इथूनच येते. तळाला कोंबडीचा तुकडा निघाला, तेव्हा एकादशी मोडली.

तिथल्या मोठ्या चर्चसमोर गाड्यांची रांग होती. बॉनेटवर फुलांच्या माळा, कागदी झिरमिळ्या, पाद्री पाणी शिंपडतोय, मालक चाकांवर बिअर ओततोय. आपल्या दसऱ्याला दापोली डेपोत बसेसना झेंडूची तोरणं बांधायचात, नारळ फोडायचात, ते आठवलं. इथे ही पूजा दसऱ्याची वाट बघत नाही. लोक पेरूतूनसुद्धा गाड्या घेऊन येतात.

सीमा कासानीला. बोलिव्हियाचा शिक्का, मग सॅक पाठीवर घेऊन थोडा चढ चालायचा, कमानीतून पलीकडे, पेरूचा शिक्का. अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट चाळला आणि सोडलं. पुढचे तीन तास डाव्या-उजव्या कुशीवर झोपले, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

पेरू एक तास मागे आहे. बाबांचं एचएमटी आज मागे फिरवलं. आता तुमच्या-माझ्यात साडेदहा तास. तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे माझे आदल्या रात्रीचे आठ, तेव्हाच फोन करेन. चौथी पायरी रिकामी असली तर. तोवर बाबांनी बीपीची गोळी घेतलेली असावी.

आणि बाबा, एक विचारायचंय. तराफा कललेला असताना ड्रायव्हरनं खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले, मग परत जाऊन सीटवर बसला. हँडब्रेक असताना दगड कशाला? आणि सीटवर कशाला? उत्तर लिहून फोटो पाठवा.

तुमची,
छकुली