नातीसोबत युगांडा

संपादक साहेब, नमस्कार. मे महिन्यात नातीला घेऊन युगांडात जिंजाजवळच्या एका गावातल्या शाळेत महिनाभर काम करून आले, नाईल नदी व्हिक्टोरिया तलावातून निघते तिथंच जवळ. पोरगी रोज सकाळी तिथल्या मुलींबरोबर २० लिटरचा पिवळा कॅन घेऊन बोअरवर जायची, पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत कॅन खाली ठेवून रडायला लागली पण मी मुद्दाम उचलला नाही, आठवड्यात तीच पुढं चालायला लागली. आणि तिथंही चपातीला चपातीच म्हणतात बरं का! कुणी जाणार असाल तर यलो फिव्हरची लस किमान १० दिवस आधी घ्या, कार्ड जपून ठेवा, परत येताना आपल्या एअरपोर्टवर पण बघतात. साठीच्या पुढचे असाल तर लसीआधी डॉक्टरांना विचाराच.

– एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर