चामड्याची सीट आणि कोकणातली हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली आमच्या रत्नागिरीत पोरं बुलेटला चामड्याची नक्षीवाली सीट करून घेतायत, हौस चांगलीच आहे, पण चामडं कुठलं हे कोणी विचारतच नाही. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं मऊ चामडं कितीही ठोका, नक्षी धरत नाही, फुगून परत वर येतं. त्याला बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलंच पाहिजे, कोल्हापुरी चपलेला असतं तसलं, म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूरला जायची तयारी ठेवा.

ते स्पंजने ओलं केलं की लगेच सुरी लावायची नाही, मूळ रंग परतायला लागतो पण हाताला अजून गार लागतं तेव्हा कापायचं, तेही निम्म्या जाडीच्या आतच, मग रेषेच्या एका बाजूने ठोकून दाबलं की नक्षीतलं पान कसं उठून दिसतं. रंग नंतर, पातळ हात एकावर एक, वाळला की कोरडं फडकं घासत राहायचं, फडक्याला रंग लागायचा थांबला की मगच वरून फिनिश. इथेच कारागीर घाई करतात आणि मग पँटची मागची बाजू बघण्यासारखी होते!

आणि चामडं सीटला बसवताना साध्या लोखंडी पिना तर मारूच देऊ नका, खाऱ्या हवेत गंजतात, गंज नि सालीतलं टॅनिन (चामडं कमावणारं तुरट द्रव्य) मिळून काळे डाग पडतात ते निघता निघत नाहीत. स्टेनलेसच्या मागा. पावसाळ्यात ओल्या सीटवर प्लास्टिक बांधून ठेवलंत तर बुरशी ठरलेली.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी