क्लिओपात्राच्या प्रेमामागची थकबाकी

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत क्लिओपात्रावर आलेला लेख वाचला. भाषा ओघवती आहे, पण दुधाची अंघोळ, गालिच्यातून प्रवेश, नादी लावलेले दोन रोमन सेनानी (सीझर आणि अँटनी) आणि शेवटी नाग, एवढ्यात इजिप्तच्या एका राणीची २१ वर्षांची कारकीर्द उरकलेली पाहून राहवले नाही. गाढविणीच्या दुधात न्हाण्याची गोष्ट रोमन सम्राट नीरोची बायको पोप्पिया हिची, क्लिओपात्रानंतर जवळपास शतकभराने घडलेली. गालिचाही मागाहून आला. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहिली आहे ती दोरीने बांधलेली अंथरुणाची वळकटी, आणि ती उचलून आत नेणारा सिसिलीचा अपोलोडोरस.

माझी नोकरी बँकेच्या कर्जवसुलीत गेली. त्यामुळे असेल, मला ही प्रेमकथा तिच्या वडिलांच्या खात्यापासून वाचावीशी वाटते. बारावा टॉलेमी याने रोमने आपल्याला राजा मानावे म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये सीझर आणि पॉम्पी या रोमन पुढाऱ्यांना सुमारे ६,००० टॅलंट (चांदी तोलण्याचे मोठे माप) कबूल केले. पैसा उभा केला तो रोमन सावकारांकडून. पुढच्याच वर्षी प्रजेने त्याला हाकलले, मग गादी परत मिळवायला नवे कर्ज. इ.स.पू. ५५ मध्ये तो रोमन फौजेच्या जोरावर परतला आणि राबिरियस पोस्तुमस नावाचा त्याचा सावकार चक्क इजिप्तचा अर्थमंत्री होऊन बसला! कर्जदाराच्या तिजोरीवरच धनकोला बसवायचे, ही युक्ती आमच्या वरिष्ठांनाही कधी सुचली नव्हती. लोक इतके खवळले की पोस्तुमसला पळ काढावा लागला. क्लिओपात्रा तेव्हा पंधराच्या आसपास होती. घरात काय चालले आहे हे कळण्याचे ते वय.

अठराव्या वर्षी धाकट्या भावाबरोबर राज्य मिळाले आणि भावाच्या कारभाऱ्यांनी लवकरच तिला देशाबाहेर काढले. इ.स.पू. ४८ मध्ये पॉम्पीचा पाठलाग करत सीझर अलेक्झांड्रियात उतरला, तो जुनी बाकी घेऊनच. १ कोटी ७५ लाख द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी) येणे होते. त्यातला काही भाग त्याने पूर्वीच सोडला होता, आता १ कोटी रोख हवे होते. वळकटी सुटली ती या धनकोसमोर. त्याला पैसे देऊ शकेल असा राज्यकर्ता हवा होता आणि तिला गादी. बोलणी जमली. पुढच्या लढाईत भाऊ नाईल नदीत बुडाला, ती राणी झाली आणि तिला सीझरपासून सीझरियन हा मुलगा झाला. सीझरचा तिच्यावर जीव जडला नव्हता असे मी म्हणत नाही. फक्त त्या रात्री दोघांनाही हिशेब पाठ होता.

आता तिच्या रूपाविषयी. तिची नाणी पाहिली तर बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी दिसते. प्लुटार्कही म्हणतो की तिचे रूप पाहताक्षणी थक्क करणारे नव्हते, पण ती बोलू लागली की समोरचा अडकत असे. आणि प्लुटार्क काही तिचा भाट नव्हे. अँटनीच्या फौजेसाठी आपल्या गावकऱ्यांना चाबकाच्या धाकाने गव्हाची ओझी समुद्रापर्यंत वाहायला लावल्याची हकीकत त्याचे पणजोबा सांगत. तरीही तो लिहून ठेवतो की इथिओपियन, अरब, ज्यू, सीरियन, पार्थियन अशा अनेकांशी ती दुभाष्याशिवाय बोले. तिच्या आधीच्या राजांनी अडीचशेहून अधिक वर्षांत प्रजेची इजिप्शियन भाषा शिकायचीही तसदी घेतली नव्हती. दरबारात आलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत ‘या, बसा’ म्हणणारी राणी निम्मे काम तिथेच उरकत असणार.

सीझरच्या खुनानंतर रोमच्या पूर्वेकडचा कारभार अँटनीकडे आला. त्याने इ.स.पू. ४१ मध्ये तिला आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससला बोलावले ते जाब विचारायला. ती सावकाश, जांभळ्या शिडांच्या आणि चांदीच्या वल्ह्यांच्या नौकेतून आली. ही नौका आपल्या लेखात अर्धा स्तंभ व्यापते, पण पुढे राणीच्या पदरात काय पडले त्याला एक ओळही नाही. सायप्रस, आजच्या लेबनॉनकडचा फिनिशियाचा किनारा, आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या सिलिसियाचा जंगलपट्टा (इजिप्तात जहाजाजोगे लाकूड नव्हते) आणि जेरिकोच्या बाल्सम या सुगंधी डिंकाच्या झाडांच्या बागा! यहुदियाचा राजा हेरोद याला आपल्याच मुलखातल्या त्या बागा तिच्याकडून खंडाने घ्याव्या लागल्या. बर्लिनमध्ये इ.स.पू. ३३ चा एक पपायरस आहे, ममीच्या वेष्टनासाठी रद्दीत गेलेला. एका रोमन बड्या असामीला दरवर्षी १०,००० आर्ताबा (इजिप्तचे धान्याचे माप) गहू बाहेर नेण्यास आणि कोस बेटाच्या दारूचे ५,००० रांजण आणण्यास करमाफी, असा हुकूम त्यावर आहे. खाली वेगळ्या अक्षरात एकच ग्रीक शब्द, ‘तसे व्हावे’. तो शेरा खुद्द राणीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात.

मात्र म्हणून सारे प्रेम खोटे, हेही मला पटत नाही. अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर अँटनीचा रोमन प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन याने तिला कळवले होते की अँटनीला मार किंवा हाकलून दे, तुझे भले होईल. व्यवहारच पाहायचा तर सौदा वाईट नव्हता. तिने तो केला नाही. स्वतःवर वार करून घेतलेल्या जखमी अँटनीला तिने आणि तिच्या दोन दासींनी दोरांनी वर ओढून आपल्या थडग्याच्या इमारतीत घेतले. डिओ हा इतिहासकार तिच्यावर अँटनीशी दगाबाजी केल्याचा आळ घेतो, पण तो लिहीत होता दोन शतकांनंतर, विजेत्याच्या बाजूने.

त्या विजेत्याची अडचण साधी होती. रोमनांची आपसांतली यादवी संपल्याचे तो जाहीर करून चुकला होता, त्यामुळे अँटनीवर उघड युद्ध पुकारता येईना. मग इ.स.पू. ३२ मध्ये युद्ध पुकारले ते एकट्या राणीवर, आणि अँटनी म्हणे बाईच्या नादी लागलेला. दोन हजार वर्षे आपण तेच खापर तिच्या माथी फोडत आलो आहोत.

शेवटी एक विनंती. सगळे हातचे जाताना तिने सतरा वर्षांच्या सीझरियनला बराच खजिना देऊन इथिओपियामार्गे हिंदुस्थानकडे धाडले होते. शिक्षकाने फितवून त्याला माघारी नेले आणि ऑक्टेव्हियनने मारवले. पुढच्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात सोपारा आणि कल्याण ही आपली बंदरे आढळतात. तांबड्या समुद्रातून इकडे चालणाऱ्या या व्यापारावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावे. जागा कमी पडत असेल तर दुधाच्या अंघोळीची चौकट काढता येईल.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली