आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई मधेच रडली असती आणि बाबांनी ‘बरं, बघू’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. घरून करायची नोकरी मी सोडली. एक तारखेपासून न्यू जर्सीत, एडिसनला, रोज ऑफिसात जायचं. पगार थोडा कमी आहे, पण फ्लॅटचा हप्ता वेळेवर जाईल.

घरबसल्या डॉलर, असं बाबा सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. मलाही ते सुखच वाटायचं. पण इथे ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये किराणा आणणारा पिशवी ठेवून दाराचा फोटो काढतो नि जातो. दुकानात बिल आपलं आपणच करायचं. टॅक्सी मागवली तर आत ड्रायव्हरच नाही, स्टिअरिंग आपोआप फिरतं. (खरंच, आई. सुट्ट्या पैशांवरून भांडायलासुद्धा समोर रिक्षावाला लागतो गं.)

रागावू नका, मार्चमध्ये मला तीन दिवस ताप होता. कॅमेरा बिघडलाय म्हणाले, ते खोटं. साधाच ताप, आता ठणठणीत आहे. पण तीन दिवसांत चौकशी एकट्या मॅनेजरने केली, तीही ऑफिसच्या चॅटवरचा माझा हिरवा ठिपका पिवळा झाला म्हणून. मला गोवर आला होता तेव्हा साने काकूंकडून पेजेची वाटी यायची आणि तू ती कधी रिकामी परत पाठवली नाहीस, निदान चिमूटभर साखर तरी. माझ्या ओट्यावर शेजारच्यांची एक वाटी नाही.

बाबांना आकडा लागतो. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मोठे आरोग्य अधिकारी, डॉ. विवेक मूर्ती यांनी 2023 मध्येच बजावलंय, माणसांपासून तुटून राहणं रोज 15 सिगारेटी ओढण्याइतकं घातक ठरू शकतं. तुमच्या तर चारच होत्या, तरी मी पाकीट तांदळाच्या डब्यात लपवायचे.

एडिसनच्या खोलीला हीटर आहे, ओक ट्री रोडवर गरम पोळ्या मिळतात. घरमालकीणबाई गुजराती आहेत, सगळे त्यांना ‘बा’ म्हणतात. खोली बघायला गेले तर पहिल्याच भेटीत वय, पगार, लग्न सगळं विचारलं. एरवी मी चिडले असते, त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. आणि आपल्या घड्याळांतलं साडेबारा तासांचं अंतर आता थंडीत साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊच.

दिवाळीला मात्र येता येणार नाही. नव्या ठिकाणी लगेच रजा मिळत नाही. तिकीट मे महिन्याचं करून घेतलंय, आंबे संपायच्या आत येते.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, विसरलो म्हणून रात्री दोन नाहीत. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना केले तरी चालतील, पण कर. आणि भाजीचं ते ॲप काढून टाका. मीच ते फोनमध्ये घालून दिलं होतं, माहितीये. दोघं मंडईत जा, कोथिंबिरीसाठी घासाघीस करा, येताना साने काकूंकडे टेका.

तुमची,
चिमी

ता. क. फराळ पाठवणार असाल तर चकल्या जरा जास्त घाला. बांना वाटीभर द्यायच्यात.