पोरांनी सुदानला पैसे पाठवले तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय, नमस्कार.

आमच्या चिपळूणजवळच्या एका शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांनी शिमग्यात कोकम सरबताचा स्टॉल लावला आणि जमलेले पैसे सुदानमधल्या कुपोषित मुलांसाठी पाठवायचं ठरवलं, तर पालकसभेत काही जण असे तुटून पडले की पोरांची तोंडं एवढीशी झाली. म्हणे आपल्या वाडीत गरीब नाहीत काय, सुदान कोणी बघितलंय!

अहो, आपल्या कोकणातले कितीतरी खलाशी लाल समुद्रातनं जातात-येतात, त्यांना विचारा सुदान कुठे ते. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली तेव्हा ऑपरेशन कावेरी या आपल्या सरकारच्या सुटका मोहिमेत आपली बरीच माणसं तिथल्या पोर्ट सुदान बंदरातनंच सौदीतल्या जेद्दाला काढली होती. आपली सुटली, पण तिथली पोरं कुठे जाणार?

आणि या मुलांनी नुसता स्टॉल नाही लावला. एकीची आई अंगणवाडी सेविका आहे, तिच्याकडची दंडघेर मोजायची पट्टी तिने वर्गात आणली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि हा आकडा आपल्या पालघरच्या पाड्यावर तोच आणि सुदानच्या छावणीत पण तोच. तेवढं वेटोळं करून सगळ्यांनी हात घालून बघितला, एकाचंही मनगट आत जाईना. वर्ग गप्प झाला म्हणे. मग त्यांनीच शोधून काढलं की अशा मुलांना शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेलं ९२ ग्रॅमचं पाकीट देतात, त्यात ५०० कॅलरी, शिजवायला नको की पाणी नको, मूल फोडून तसंच खातं. एवढा अभ्यास विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी केला?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा घाटावरनं गाड्या भरभरून मदत आली. तुमच्या गावात गरीब नाहीत का, असं आपण विचारलं का त्यांना? वाडीतल्या गरिबांसाठी करायचंय तर जरूर करा, पोरं त्यालाही येतील.

मोठ्यांनी खरं लक्ष घालायला हवं ते व्यवहारात. शाळेची संस्था ट्रस्ट असेल तर तिचा पैसा बाहेरदेशी खर्च करताना इन्कम टॅक्सची सवलत आपोआप मिळत नाही, वेगळी मंजुरी लागते. त्यापेक्षा एखाद्या पालकाने स्वतःच्या खात्यातनं बँकेमार्फत रीतसर पाठवावे, मुलांना सोबत न्यावं, फॉर्म कसा भरतात ते दाखवावं आणि पै-पैचा हिशोब फळ्यावर लिहावा.

सभा परत बोलावलीय. विरोध असेल त्यांनीही जरूर यावं, फक्त या वेळी पोरांना व्हरांड्यात उभं करून निर्णय घेऊ नका, त्यांना आत बसवा आणि आधी त्यांचं ऐका.

- एक पालक, चिपळूण