एरफुर्टच्या पिस्तुलाची ओळख पटवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. जर्मनीतील ज्या छोट्या संग्रहालयात मी वस्तूंच्या नोंदी करते, तेथील निकामी केलेल्या लुगर पिस्तुलाची ओळख आपण केवळ छायाचित्रांवरून पटवून दिलीत, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुन्या नोंदवहीत या पी०८ (लुगरचे जर्मन लष्करी नाव) पिस्तुलापुढे ‘१९२०ची निर्मिती’ एवढेच लिहिलेले होते. आपली सारी नोकरी पुण्यातील कारखान्यात सुटे भाग तपासून पास करण्यात गेली असल्यामुळे, प्रत्येक ठशामागे कोणा तपासनीसाची जबाबदारी असते हे आपण जाणून होतात. काडतूसकक्षावर एकाखाली एक कोरलेल्या दोन सालांपैकी खालचे १९१७ हे निर्मितीचे आणि वरचे १९२० ही व्हर्सायच्या तहानंतर सरकारकडे राहिलेल्या शस्त्रांवर उठवलेली मालकीची खूण, हा उलगडा आपण केलात आणि नोंदीतील घोळ मिटला.

गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या वरच्या सांध्यावर मुकुट आणि त्याखाली ‘एरफुर्ट’ हे नाव आहे. म्हणजे पिस्तूल बर्लिनच्या ‘डीडब्ल्यूएम’ कंपनीचे नसून प्रशिया या जर्मन राज्याच्या एरफुर्ट शहरातील सरकारी कारखान्यातले. उजव्या अंगावरची मुकुटाखालील गॉथिक अक्षरे तपासनीसांची, आणि त्यांच्या ओळीतला गरुड दाबचाचणीचा, म्हणजे जादा दाबाचे काडतूस उडवून घेतलेल्या परीक्षेचा. क्रमांकाविषयी आपण सांगितलेले तर मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते: दर वर्षी क्रमांक एकपासून सुरू होत, सुमारे दहा हजार झाले की पुन्हा एकपासून मोजत क्रमांकापुढे ‘ए’, मग ‘बी’ अशी लहान अक्षरे जोडली जात, त्यामुळे कारखाना आणि साल सोबत नोंदवल्याशिवाय नुसत्या क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. लहान भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असतात. आमच्या पिस्तुलात डाव्या बाजूच्या झाकणपट्टीवर मात्र निराळेच अंक आहेत, आणि ती पट्टी दुसऱ्या पिस्तुलातून आलेली असणार, हे आपण पहिल्याच नजरेत ओळखलेत.

पाहायला येणारे बहुतेक लोक हे शस्त्र हिटलरच्या काळातले समजतात. स्वस्तिकधारी गरुड किंवा माउझर कारखान्याची ‘एस/४२’, ‘बीवायएफ’ अशी सांकेतिक अक्षरे त्यावर कोठेही नाहीत आणि निर्मितीचे साल १९१७ आहे, तेव्हा ते कैसरच्या राजवटीत घडले हे निश्चित. तरीही दुसऱ्या महायुद्धात ते कोणी वापरलेच नसेल असे यावरून म्हणता येत नाही, हेही आपण आवर्जून बजावलेत. ती काळजी मला फार मोलाची वाटते, आणि माहितीफलकावर तेवढेच लिहिले आहे, जेवढे ठसे सांगतात.

मुठीच्या पुढच्या पट्टीवरील पलटणीची खूण झिजलेली आहे. आपण सुचवल्याप्रमाणे तिरक्या उजेडात तिची नवी छायाचित्रे काढली असून ती सोबत पाठवत आहे. सवडीने पाहावीत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
संग्रहालयातील नोंदणी सहायक