सिस्टर, तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही या महिन्याअखेर रिटायर होताय हे आशाताईकडून कळलं, आणि ऐकल्या ऐकल्या मी काय केलं असेल तर रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात तो पुठ्ठा आहे. सिरिंजच्या खोक्याचा फाडलेला तुकडा, एका बाजूला कंपनीचं काहीतरी छापलेलं, आणि मागे तुमच्या लाल पेनने एकाखाली एक ३५, ३३, ३०, २९. बस, चार आकडे. गावात सगळे तुम्हाला लसवाल्या सिस्टर म्हणून ओळखतात, पण माझ्यासाठी तुम्ही काय केलं ते कोणालाच माहीत नाही, आमच्या सासूबाईंनाही नाही (आता कळेल, कळू द्या), म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

तुम्हाला कदाचित आठवत पण नसेल. २०२१ चा श्रावण, कानबाईचा सण दोन-चार दिवसांवर आलेला, घरी रोटांचं दळण निवडायचं पडलेलं आणि मी उपकेंद्रात कोविडच्या लसीच्या लाईनीत. लस घ्यायला आले होते खरी पण घ्यायची की नाही तेच ठरत नव्हतं कारण घरातून निघताना सासूबाईंनी सांगितलेलं की ती लस घेतली की मूल होत नाही म्हणतात. त्यांचं आधीपासून ठाम मत होतं की मी गोळ्या खाऊन पिशवी खराब करून घेतलीय. लग्नाला तीन वर्षं झालेली, मी २७ ची, आणि घरात रोज "कितला दिन वाट दखू मी?" मी तुम्हाला हळूच विचारलं, सिस्टर लसीने मूल होत नाही का, तुम्ही म्हटलं असं काही नसतं, दंड पुढे कर, आणि सुई टोचता टोचताच विचारलंत, "तुले पोरे कितला जोयजे?"

मला वाटलं ऐकायला चूक झाली. कारण तोपर्यंत मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलेला, कधी. आईने कधी, जेठाणीने कधी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेले तर झोक्यावर बसलेल्या मैत्रिणींनी पण कधी. किती पाहिजेत हे कोणी विचारलंच नव्हतं, आमच्या ह्यांनी पण नाही, मी स्वतःला पण नाही. मी म्हटलं दोन. तुम्ही म्हटलं अर्धा तास बस, नाहीतरी लसीनंतर बसावंच लागतं, आणि गर्दी कमी झाल्यावर पुठ्ठा फाडलात.

उलटं मोजायला शिकवलंत तुम्ही. दुसरं बाळंतपण ३५ च्या आत उरकायचं म्हणून वर ३५, थोडी सवड ठेवून ३३, दोघांत तीन वर्षांचं अंतर म्हणजे पहिलं ३० ला, आणि दिवस राहायला वर्षभर लागू शकतं म्हणून प्रयत्न २९ ला चालू. म्हणजे माझ्याकडे दोन वर्षं होती! मला तर वाटत होतं एकतर आत्ताच नाहीतर कधीच नाही. मी विचारलं की ३५ ला असं काय होतं, तुम्ही म्हटलं ३५ च्या वाढदिवसाला काही कुलूप लागत नाही माय, पण बाईची बीजं जन्मतःच पोटात असतात, जन्मताना दहा-वीस लाख, पाळी येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, नवीन बनत नाहीत, आणि ती आपल्यासोबत म्हातारी होतात. बत्तिशीनंतर हळूहळू उतार, सदतिशीनंतर जोरात. डाऊन सिंड्रोमचं पण तेव्हाच सांगितलंत, पंचविशीत साधारण बाराशेत एक, ३५ ला साडेतीनशेत एक, चाळीशीत शंभरात एक. घाबरवायच्या आवाजात नाही, बाजारभाव सांगावा तसं. पुढे म्हटलंत, हे एवढं कळलं ना, आता तू ठरव. याच वयात कर असं काही तुम्ही सांगितलंच नाही, ते मला नंतर घरी आल्यावर लक्षात आलं.

आणि मग मी खरं कारण बोलले. मला परमनंट व्हायचं होतं. बी.एड. करून तासिका तत्त्वावर शिकवत होते, तास झाला तर पैसे नाहीतर नाही, बाळंतपणाचं विचारलं तर संस्थेतून उत्तर आलं की तासिकावाल्यांना कसली रजा. टेट, म्हणजे शिक्षक भरतीची परीक्षा, २०१७ मध्ये झालेली ती परत निघतच नव्हती आणि मी आज निघेल उद्या निघेल करत बसलेले. तुम्ही जे बोललात ते मी तेव्हा मनाला लावून घेतलं, खरं सांगते रागच आला होता, की सरकारच्या जाहिरातीला पाळणा बांधू नको, जाहिरात येईल तेव्हा येईल, तुझ्या तारखा तू धर, त्यांच्या त्यांना धरू दे. घरी येईपर्यंत रडत आले. पण बघा ना, टेट निघाली ती डायरेक्ट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाच वर्षं उलटून गेल्यावर!

त्या दोन वर्षांत तुम्ही जे करून घेतलं ते कोणी दवाखान्यात पैसे घेऊन पण केलं नसतं. माझं हिमोग्लोबिन ९.२, तुम्ही म्हटलं १२ पाहिजे, या अंगावर बाळ नको, आणि लोहाच्या गोळ्या हातात दिल्या, चहासोबत घेऊ नको, लिंबू पिळलेल्या वरणासोबत जेव म्हणून सांगितलंत. पाळणा लांबवायच्या छायाच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या, त्यात हार्मोन नसतात आणि बंद केल्या की दिवस राहतात हे तुम्ही सासूबाईंनाही ओट्यावर बसून समजावलंत, त्यांनी मान हलवली आणि तुमची स्कूटी वळणाआड गेली की परत पिशवीचं चालू. सिकलसेलची तपासणी दोघांची करायला लावली, आपण सातपुड्याच्या पायथ्याचे, दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात चारात एक पोराला आजार व्हायची शक्यता असते, ते आधी कळलेलं बरं. दोघं निगेटिव्ह निघालो.

आमच्या ह्यांचं सांगू का? सांगतेच. "एकटीची फाईल बनवू नको", म्हणजे नवऱ्याचंही बघायला हवं, हे तुमचं वाक्य मी बऱ्याच जणींना सांगितलंय. हे केळीच्या बागेत पाणी भरत होते आणि तुम्ही बांधावर स्कूटी लावून त्यांना विचारलंत की तंबाखू किती पुड्या. नवऱ्याला असं तोंडावर विचारणारी बाई आमच्याकडे फक्त तुम्हीच. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आज मळलेली पुडी तीन महिन्यांनी भोवते, असं काहीतरी त्यांना बोललात, ते घरी येऊन दोन तास गप्प होते. एकदम सुटली नाही, चोरून चालूच होती, पण कमी झाली.

मधे एक मूर्खपणा मी केला तो तुम्हाला सांगितला नव्हता नीट. २८ ची असताना मैत्रिणीचं ऐकून शहरातल्या एका दवाखान्यात गेले, तिथे एएमएच का काय ती, किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज घ्यायची रक्ताची टेस्ट केली आणि आकडा कमी आहे, लगेच पॅकेज घ्या, बीजं गोठवून ठेवा म्हणून रिसेप्शनवरच हप्ते सांगायला लागले. बसमध्ये चोपड्यापर्यंत माझे हात थंड. तुम्ही रिपोर्ट बघितला आणि म्हटलं या आकड्यावरून घरच्या घरी दिवस राहतील की नाही ते कळत नाही, ते आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं असेल तेव्हा औषधाचा अंदाज घ्यायला कामाचं, तू पाळी नियमित आहे ना, मग ठेव तो कागद बाजूला. ते पॅकेज आमच्या एका हंगामाच्या कापसाएवढं होतं सिस्टर.

नंतर मी मोबाईलवर वाचत बसायचे तेव्हा नेदरलँडच्या लोकांचं २०१५ चं एक संशोधन सापडलं, त्यात पण तुमच्यासारखंच आधी किती मुलं आणि मग वय. आयव्हीएफशिवाय नव्वद टक्के खात्री हवी असेल तर एका मुलासाठी उशिरात उशिरा ३२ ला, दोनसाठी २७ ला, तीनसाठी २३ ला सुरुवात करा असं त्यांचं गणित. माझ्या तर पोटात गोळाच आला, मी २७ ओलांडलेली. मग खाली वाचलं की पंच्याहत्तर टक्क्यांवर समाधान असेल तर दोनसाठी ३४ चालतं. म्हणजे तुमचा पुठ्ठा दोन्हींच्या मधला निघाला. तुम्ही ते कुठे वाचलेलं की तीस वर्षं बाया बघून अंदाजाने लिहिलेलं, हे विचारायचं राहिलंच.

मार्च २०२३ मध्ये पेपर दिला, दोनशे प्रश्न दोन तासात, आणि त्याच महिन्यात छाया बंद करून फॉलिक ॲसिडची गोळी लावली, ती दिवस राहायच्या आधीपासून हवी कारण बाळाच्या मेंदू-कण्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच पडतो, तोवर आपल्याला पत्ताही नसतो. चार महिने काही नाही. दर महिन्याला तुम्हाला फोन, दर महिन्याला तुमचं तेच, तब्येत ठणठणीत असली तरी महिन्याला चारात एक चान्स असतो, पस्तिशीच्या आत वर्षभर तरी थांब, मग डॉक्टर. ऑगस्टमध्ये राहिले. फेब्रुवारीत भरतीची यादी लागली, माझं नाव नव्हतं, आणि त्या दिवशी मला सातवा लागलेला. मी रडले नाही असं नाही. पण वाट बघत बसले असते तर हातात ना नोकरी ना हा, हे पण त्या दिवशीच कळलं. पोरगा आखाजीच्या आठ दिवस आधी झाला, अडीच किलो, ४४ डिग्रीत, ओला पंचा खिडकीला लावून. २०२५ ला परत टेट दिली तेव्हा हे त्याला कडेवर घेऊन सेंटरच्या बाहेर लिंबाखाली उभे होते.

गल्लीतली ती सतरा वर्षांची पोरगी आठवते का तुम्हाला, जिचं लग्न थांबवायला तुम्ही आणि आशाताई संध्याकाळी गेलेल्या आणि तिच्या काकांनी तुम्हाला वाटेल ते बोललं? ती आता नर्सिंगला आहे. मला परवा बसस्टँडवर भेटली, तुमचा नंबर मागत होती, मी दिलाय.

आता पुठ्ठ्यावर ३३ बाकी आहे. मी ३१ ची. दुसरं पाहिजे का याच्यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही, हे म्हणतात एकच बस, केळीचा भाव बघतेस ना. सध्या तीन महिन्यांनी अंतराचं इंजेक्शन चालू आहे, पुढचं नव्या सिस्टरकडे घ्यावं लागेल, त्या बिचाऱ्या अजून गल्ल्यांचीच नावं पाठ करतायत. तुमच्या निरोपाच्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन येणार आहे, डबा परत द्यायची घाई करू नका, आणि येताना पुठ्ठा पण आणते, एकदा परत सोबत बघू.

तुमची,
वरच्या गल्लीतली मास्तरीण